फोनवर एक जण बोलतो, निर्णय खोली घेते: वाटाघाटी पथकाचा सराव कसा घ्यावा

ओलीस धरल्याचा प्रसंग असो, गच्चीच्या कठड्यावर उभा राहिलेला माणूस असो किंवा हत्यार घेऊन घरात कोंडून घेतलेला कुणी असो, वाटाघाटी पथकाचं प्रशिक्षण म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो फोनवर बोलणारा निगोशिएटर. ऐकून कसं घ्यायचं, समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत कसं मांडायचं, त्याच्या रागाला किंवा भीतीला नाव कसं द्यायचं, गप्प कधी राहायचं, हे सगळं शिकवलं जातं आणि ते शिकवलंच पाहिजे. मी बरीच वर्षं फोनवरच्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसले, आता पथकांचे सराव घेते. माझं ठाम मत झालं आहे की प्रसंग हाताबाहेर जातो तेव्हा फोनवरचं वाक्य क्वचितच कारणीभूत असतं. मागच्या खोलीत चार-पाच माणसांनी मिळून घेतलेला किंवा घ्यायचा राहून गेलेला निर्णय कारणीभूत असतो. आणि त्या खोलीला एकत्र विचार करायला कुणी शिकवलेलं नसतं.

हे शिकवता येतं. मी कसं शिकवते ते खाली लिहिते. ज्यांच्या हाताखाली पथक आहे, त्यांनी आपल्या माणसांप्रमाणे त्यात फेरफार करून घ्यावेत.

कोणता निर्णय कुणाचा

पथकात साधारण असे लोक असतात: फोनवर बोलणारा, त्याच्या शेजारी बसून चिठ्ठ्या सरकवणारा जोडीदार, टीम लीडर, बाहेरून माहिती जमवणारा, नोंदी ठेवणारा आणि जमलं तर मानसोपचारातला एखादा सल्लागार. खोलीच्या बाहेर कमांडर असतो आणि वेळ आली तर आत घुसणारी टॅक्टिकल टीम असते. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकमध्ये ओलीस मारले गेले, त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांत मानसशास्त्र शिकलेला अधिकारी हार्वी श्लॉसबर्ग आणि फ्रँक बोल्झ यांनी १९७३ मध्ये असं पथक उभं केलं. तेव्हापासून जगभर एक नियम रुळला आहे: जो वाटाघाटी करतो तो हुकूम देत नाही, जो हुकूम देतो तो वाटाघाटी करत नाही. यामुळे फोनवरच्या माणसाला कधीही प्रामाणिकपणे म्हणता येतं, "हे माझ्या हातात नाही, मला वर विचारावं लागेल." एवढ्या एका वाक्याने वेळ मिळतो.

याच नियमाची दुसरी बाजू अशी की निर्णय नेहमीच एकापेक्षा जास्त डोक्यांतून जातो, आणि कोणता निर्णय कुणाचा हे स्पष्ट नसलं की ऐन वेळी दोघं एकच गोष्ट ठरवतात किंवा कुणीच ठरवत नाही. म्हणून माझा पहिला सराव फोनशिवाय, आरडाओरड्याशिवाय, नुसत्या कार्डांवर होतो. एकेका कार्डावर एकेक निर्णय लिहायचा: आत जेवण पाठवणं, बहिणीला फोनवर घेणं, बोलणारा माणूस बदलणं, वीज तोडणं, मुदत वाढवून मागणं, इमारतीचा मागचा जिना ताब्यात घेणं, पत्रकारांना काही सांगणं, दहा मिनिटं फोन न करणं. प्रत्येकाला कार्डांचा एकेक गठ्ठा द्या आणि कुणाशी न बोलता तीन ढीग करायला सांगा. हे बोलणारा स्वतः ठरवेल, हे पथक ठरवेल, हे कमांडरच ठरवेल. मग सगळ्यांचे ढीग शेजारी शेजारी मांडा.

वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या पथकातही ढीग जुळत नाहीत. जी कार्डं वेगवेगळ्या ढिगांत पडली, तीच तुमची पुढची चर्चा. "जेवण पाठवणं" हे कार्ड तर हमखास फिरतं. बोलणाऱ्याला वाटतं ही विश्वास मिळवायची साधी गोष्ट आहे, लीडरला वाटतं त्याच्या बदल्यात काही तरी मागायला हवं, आणि टॅक्टिकल टीमच्या माणसाला माहीत असतं की जेवण दारापर्यंत नेणारा आपलाच माणूस बंदुकीच्या टप्प्यात येतो. तिघांचंही बरोबर आहे, म्हणूनच तो पथकाने मांडायचा आणि कमांडरने मंजूर करायचा निर्णय आहे.

या सरावाला कमांडर आणि टॅक्टिकल टीमचा प्रमुख यांना बसवाच. ते आले नाहीत तर मी तारीख बदलायला सांगते. १९९३ मध्ये अमेरिकेत वेको इथे एका पंथाच्या वस्तीला ५१ दिवस वेढा पडला होता. वाटाघाटी करणाऱ्यांनी बोलून बोलून ३५ माणसं बाहेर आणली, त्यांत २१ मुलं होती. पण १२ मार्चला दोन प्रौढ बाहेर आले आणि त्याच संध्याकाळी वस्तीची वीज तोडण्यात आली. पुढे रात्री-बेरात्री कर्कश आवाज लावण्यात आले. आतल्या माणसांना यातून काय कळलं असेल? माणसं सोडली की शिक्षा मिळते. १९ एप्रिलला आग लागली आणि सत्तरहून अधिक लोक गेले. बोलणारे एक करत होते, वेढा घालणारे दुसरं करत होते, आणि दोघांना एका टेबलावर बसवणारी पद्धत नव्हती. त्यानंतर १९९४ मध्ये एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने वाटाघाटी आणि टॅक्टिकल या दोन्ही बाजू एका छत्राखाली आणल्या. तुमच्याकडे छत्र नसेल तर निदान सराव तरी एकत्र होऊ द्या.

"मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल"

आता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा सराव. गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की गटात चर्चा होते ती प्रामुख्याने सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची. एकट्यादुकट्याकडे असलेली माहिती टेबलावर येतच नाही, आणि तीच निर्णय बदलणारी असली तरी गट चुकीचा पर्याय एकमताने निवडतो. त्यांचे गट विद्यार्थ्यांचे होते आणि निवडायचा होता तो विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष, जिवावर बेतणारं काही नव्हतं. वाटाघाटीच्या खोलीत हाच दोष जास्त घातक ठरतो, कारण तिथे माहिती मुळातच तुकड्यातुकड्यांनी येते. एकाने शेजाऱ्याशी बोलणं केलेलं असतं, दुसऱ्याने जुनी नोंद वाचलेली असते, तिसऱ्याच्या कानाला हेडफोन असतो.

सराव असा. एक प्रसंग लिहा. मी बरेचदा हा वापरते: एक माणूस आपल्या दोन लहान पुतण्यांना घेऊन घरात कोंडून बसला आहे, हातात सुरा आहे, आणि "माझ्या भावाला बोलवा, त्याच्याशीच बोलेन" असं सारखं म्हणतो आहे. भाऊ बाहेर आलेला आहे, हात जोडून सांगतो आहे की मला बोलू द्या. एवढं सगळ्यांच्या कागदावर असतं. शिवाय प्रत्येकाच्या कागदावर खाली एकेक ओळ अशी असते जी फक्त त्याच्याकडेच आहे. माहिती जमवणाऱ्याच्या कागदावर: गेल्या महिन्यात घराच्या वाटणीवरून दोघा भावांची मारामारी झाली. नोंदी ठेवणाऱ्याच्या: भावाचा विषय निघाला की याचा आवाज चढत नाही, उलट एकदम शांत होतो. जोडीदाराच्या: "त्याने हे डोळ्यांनी बघायला हवं" असं तो एकदा पुटपुटला. सल्लागाराच्या: काल त्याने मित्राला आपलं घड्याळ आणि गाडीची किल्ली देऊन टाकली.

ओळी एकेकट्या वाचल्या तर विशेष काही वाटत नाही. चारही एकत्र ठेवल्या की अंगावर काटा येतो. हा माणूस भावाशी बोलायला मागत नाही, मरताना त्याला भाऊ साक्षीदार म्हणून हवा आहे. नातेवाइकाला फोनवर घेण्याआधी दहादा विचार करा असं वाटाघाटीच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं जातं ते याचसाठी.

पथकाला वीस मिनिटं द्या आणि तुम्ही मागे बसून फक्त एक गोष्ट टिपा: कोणती ओळ कितव्या मिनिटाला उच्चारली गेली. एका सरावात नोंदी ठेवणारी मुलगी, पथकात सर्वांत नवी, शेवटपर्यंत काही बोलली नाही. भावाला फोन द्यायचं ठरलं. नंतर मी तिला तिच्या ओळीबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं सगळ्यांना ऐकू आलं असेल." ती खोटं बोलत नव्हती आणि घाबरटही नव्हती. हेडफोन तिच्या कानाला होता आणि आवाजातला तो बदल तिला इतका स्पष्ट ऐकू आला होता की बाकीच्यांना तो ऐकू आलेला नाही हे तिच्या डोक्यातच आलं नाही. प्रत्येक पथकात हे वाक्य मी या ना त्या रूपात ऐकते. त्यामुळे "बोला, मोकळेपणाने बोला" एवढं सांगून भागत नाही. बोलायची जागा बांधून द्यावी लागते.

ती जागा म्हणजे एक फेरी. कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी लीडरने विचारायचं: "फक्त तुझ्याकडे असेल असं काय आहे?" सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात, प्रत्येकाने एकच गोष्ट, आधी कुणी सांगितलेली परत सांगायची नाही, काही नसेल तर "नाही" म्हणायचं. फळ्यावर लगेच लिहायची. पाच जणांची फेरी दीड-दोन मिनिटांत होते. तोच प्रसंग वेगळ्या ओळी घालून पुन्हा द्या आणि फेरी लावून बघा. फरक पथकाला स्वतःच दिसतो, तुम्हाला भाषण द्यावं लागत नाही.

हुद्दा आणि गप्प बसणं

१९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशने केलेले प्रयोग अनेकांना माहीत असतील. रेषांची लांबी ओळखायची, उत्तर ढळढळीत समोर, पण आधीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात. अशा वेळी साधारण तीनांतलं एक उत्तर गटामागे वाहवत गेलं. यातला मला उपयोगी वाटणारा भाग पुढचा आहे: गटात एक जरी माणूस वेगळं उत्तर देणारा ठेवला, तर हे वाहवत जाणं झपाट्याने कमी झालं. म्हणजे तुम्हाला पाच धाडसी माणसं घडवायची गरज नाही. पहिला वेगळा आवाज निघेल अशी व्यवस्था करायची आहे.

विमान कंपन्या हे फार महागात शिकल्या. २८ डिसेंबर १९७८ ला पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान लँडिंग गिअरच्या (उतरायच्या चाकांच्या) बिघाडात अडकून सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. कॉकपिटमधल्या सहकाऱ्यांनी इंधनाचा विषय काढला होता, पण तो आडून आडून. कॅप्टनच्या कानावर पडला, मनावर नाही. दुसऱ्या वर्षी नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि पुढे वैमानिकांना हुद्दा ओलांडून स्पष्ट बोलायचं आणि वरिष्ठाने ते ऐकायचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. वाटाघाटी पथकाने ते जसंच्या तसं उचलावं असं मला वाटतं.

मी तीन गोष्टी शिकवते. लीडरने आपलं मत शेवटी सांगायचं. त्याने आधी सांगितलं की उरलेली चर्चा त्याच्या मताला कारणं शोधण्यात जाते. दुसरं, मोठ्या निर्णयाआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा, "हो" किंवा "नाही", आणि चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. हात वर करायला सांगू नका, हात वर जाताना डोळे साहेबांकडे जातात. तिसरं, आक्षेप घेण्याचा साचा पाठ करून घ्यायचा: काय दिसतं, त्याचा धोका काय, काय करावं. "सर, मुदत संपायला सात मिनिटं आहेत, आपण उत्तर ठरवलेलं नाही, आत्ता थांबून ठरवू या." एवढंच. पहिल्यांदा दुर्लक्ष झालं तर हेच वाक्य नाव घेऊन दुसऱ्यांदा. तरीही झालं नाही तर "थांबा" हा एक शब्द, आणि तो कुणीही उच्चारला तरी फोनवरचा चालू संवाद सोडून बाकी सगळं थांबलं पाहिजे.

हे खरंच मुरलं आहे का ते तपासायला लीडरला आधीच बाजूला घेऊन सांगा की सरावात एके ठिकाणी मुद्दाम चुकीचा निर्णय ठामपणे जाहीर कर. मग बघा कोण थांबवतं, किती वेळात. सराव संपल्यावर हे ठरवून केलं होतं हे लगेच सांगायचं, नाहीतर विश्वासाला तडा जातो. आणि "थांबा" म्हणणाऱ्याचं म्हणणं चुकीचं निघालं तरी सगळ्यांदेखत त्याचे आभार मानायचे. तिथे एखाद्या वरिष्ठाने नाक मुरडलं तर महिनाभराचं शिकवणं वाया जातं. मी असं होताना पाहिलं की सराव तिथेच थांबवते आणि त्या वरिष्ठाशी आधी बोलते.

फळा

खोलीला स्मरणशक्ती लागते, ती फळ्यावर ठेवा. मोठ्या अक्षरांत, दारातून वाचता येईल असं. रकाने: मागण्या आणि मुदती (घड्याळाची वेळ लिहूनच), आपण दिलेले शब्द, आतल्या माणसाची दुखरी नस, त्याला जगण्याशी बांधून ठेवणाऱ्या गोष्टी, खात्रीची माहिती, ऐकीव माहिती. शेवटचे दोन रकाने वेगळेच हवेत. ताणाखाली ऐकीव गोष्ट अर्ध्या तासात खात्रीची होऊन बसते. "त्याच्याकडे बंदूक असेल" हे तिसऱ्या तोंडातून "बंदूक आहे" होतं आणि त्यावर निर्णय बेततात.

सरावात दर वीस मिनिटांनी लीडरला नव्वद सेकंदांत कमांडरसमोर तीन गोष्टी सांगायला लावा: काय दिसतं, त्याचा अर्थ काय, पुढच्या तासात काय होईल. परिस्थितीच्या जाणिवेच्या या तीन पायऱ्या संशोधक मायका एंड्सली यांनी मांडल्या आहेत. बहुतेक लीडर पहिलीवरच रेंगाळतात, घडलेलं सगळं सांगत बसतात. घड्याळ लावलं की तिसरीपर्यंत पोचायची सवय लागते.

मुदतीबद्दल दोन शब्द. "सहापर्यंत गाडी आली नाही तर बघा" असं आतला माणूस म्हणाला की नवं पथक सहा वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत बसतं. पथकाने पावणेसहाच्या आधीच ठरवलेलं असलं पाहिजे की सहा वाजताना कशाबद्दल बोलणं चालू ठेवायचं. मुदत आपण स्वतः द्यायची नाही, आणि त्याने दिलेली मुदत बोलता बोलता ओलांडायची. हे फोनवरच्या माणसाचं कसब वाटतं, पण विषय खोलीने पुरवायचा असतो.

थांबायचं ठरवणं आणि ठरवायचं राहून जाणं

वेळ जसा जातो तसा "आता काहीतरी करा" हा दबाव वाढतो. वरून फोन येतात, बाहेर गर्दी होते, टॅक्टिकल टीम तासन्‌तास चिलखतात उभी असते. ऑक्टोबर १९७१ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल विमानतळावर एका माणसाने पळवलेलं छोटं विमान उतरलं. बोलणं जेमतेम सुरू झालं होतं, आणि एफबीआयने टायरवर गोळ्या झाडल्या. त्याने वैमानिकाला आणि स्वतःच्या बायकोला मारलं, मग स्वतःला. १९७५ मध्ये त्यावरून झालेल्या खटल्यात अपील न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं: ओलिसांच्या दृष्टीने जास्त बरा मार्ग उपलब्ध होता, आणि तो सोडून दिला गेला. वाटाघाटीच्या प्रशिक्षणात हा निकाल आजही शिकवतात.

उलट टोकही आहे. २४ डिसेंबर १९९९ ला अपहरण झालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ विमान अमृतसरला पाऊण तासाच्या आसपास उभं होतं आणि इंधन न भरताच उडालं. दिल्लीत आपत्ती व्यवस्थापन गटाची बैठक चालू होती. मी हे उदाहरण कुणाला दोष द्यायला सांगत नाही. थांबणं हा अनेकदा सर्वांत चांगला निर्णय असतो, पण तो निर्णय असावा लागतो. म्हणून सरावात "थांबू या" असं नुसतं म्हणायला बंदी करा. वहीत लिहायचं: थांबायचं ठरलं, कारण अमुक, परत विचार अमुक वाजता, आणि मधे अमुक घडलं तर लगेच. चार गोष्टींपैकी एकही रिकामी राहिली तर निर्णय झालेलाच नाही असं समजून मी पथकाला परत बसवते.

बळ वापरायची गोष्ट निघाली तर एफबीआयच्या पद्धतीतले तीन प्रश्न विचारायला लावा. हे आत्ताच करणं गरजेचं आहे का? न करण्यापेक्षा करण्यात धोका कमी आहे का? कायद्याने आणि माणुसकीने ते मान्य होण्यासारखं आहे का? पहिल्या प्रश्नावरच बहुतेक घाईचे प्रस्ताव अडकतात, कारण "आपण दमलो आहोत" हे सोडून गेल्या तासात काय बदललं, याचं उत्तर मिळत नाही.

आणि ठरल्यावर, अमलात आणायच्या आधी, दोन मिनिटं मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाईनने सुचवलेली युक्ती करा: समजा तास उलटला आहे आणि हा बेत पार फसला आहे, का फसला ते प्रत्येकाने लिहा. "काही शंका?" असं विचारलं की खोली गप्प बसते. फसलाच आहे असं धरून कारण मागितलं की शंका काढणाऱ्याला वाईट व्हावं लागत नाही.

ताण किती, कसा वाढवायचा

सुरुवात शांत खोलीत. पद्धत अंगवळणी पडल्यावर हळूहळू ताण चढवा: आधी वेळ कमी करा, मग एकाच वेळी दोन बातम्या पाठवा, मग त्या एकमेकींविरुद्ध असू द्या, मग कमांडरला दर पाच मिनिटांनी दारातून डोकवायला सांगा. पहिल्याच दिवशी किंचाळ्या आणि अंधार लावणारे प्रशिक्षक मला पटत नाहीत. त्यातून माणसं ताण सोसायला शिकत नाहीत, फक्त घाबरायला शिकतात.

फोनवर आरोपीची भूमिका करणारा नीट निवडा. त्याला लिहून द्या की चांगलं काम झालं तर निवळायचं. काहीही केलं तरी ऐकायचंच नाही असा हट्टी आरोपी उभा केला की पथक एकच धडा घेतं, बोलून काही होत नाही. प्रसंग आत्महत्येचा असेल तर सरावाआधी प्रत्येकाला एकेकट्याला विचारा. ज्याच्या घरात असं घडलं आहे त्याला न विचारता त्यात ढकलू नका. खरी हत्यारं सरावाच्या जागेत आणायचीच नाहीत, आणि सगळं खरोखर थांबवायचा एक वेगळा शब्द ठरवून ठेवायचा, जो "थांबा" नसेल.

एक तरी सराव इतका लांबवा की पाळी बदलावी लागेल. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं. तरी दमलेला लीडर आपणहून उठत नाही. त्याला वाटतं आपण गेलो तर धागा तुटेल. म्हणून उठायची वेळ आधी फळ्यावर लिहा. नवी पाळी आली की आधी गुपचूप बसून ऐकेल, मग फळा स्वतः वाचून दाखवेल, आणि जुनी पाळी फक्त चुकलेलं दुरुस्त करेल. उलट केलं, म्हणजे दमलेल्याला सांगायला लावलं, तर दिलेले शब्द हमखास गळतात. आत्तापर्यंत दिलेला एखादा शब्द नव्या पाळीने मोडला तर आतल्या माणसाला पाळी बदललेली कळत नाही. त्याला एवढंच कळतं की हे लोक खोटे आहेत.

सरावानंतर

फोनचं रेकॉर्डिंग सगळेच करतात. तुम्ही खोलीचं करा. मग परत ऐकताना फोनवरच्या वाक्यांची चिरफाड करत बसू नका, एवढंच शोधा: महत्त्वाची माहिती खोलीत आल्यापासून फळ्यावर यायला किती वेळ लागला, कोण किती वेळ गप्प होतं, लीडर कितवा बोलला, वहीतल्या किती निर्णयांपुढे कारण आणि नाव आहे. चर्चा चार प्रश्नांवर ठेवा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, का, पुढच्या वेळी काय वेगळं. इथेही बोलायला सुरुवात सर्वांत कनिष्ठाने करायची.

शेवट चांगला झाला म्हणून निर्णय चांगला ठरत नाही, हे पथकाला पटवायला वेळ लागतो. सरावात आरोपी शरण आला की सगळे टाळ्या वाजवतात. तेव्हा मी वही उघडून विचारते, भावाला फोन द्यायचा नाही हे तुम्ही विचार करून ठरवलंत, की भावाचा फोन लागला नाही म्हणून वाचलात? दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो, शिकण्यासारखं मात्र वेगळं असतं. तसंच उलटही: सगळं नीट करून शेवट वाईट झाला, तर त्या पथकाला "तुमचा निर्णय बरोबर होता" असं तोंडावर सांगणारा कुणीतरी हवा. खऱ्या प्रसंगानंतर तर हवाच हवा.

मोठा सराव वर्षातून मोजक्या वेळा जमतो. कार्डांचे ढीग, वाटलेल्या ओळी आणि चिठ्ठ्यांचं मतदान मात्र अर्ध्या तासात होतं, त्यासाठी फोन लागत नाही, मैदान लागत नाही. ते दर महिन्याला घ्या. प्रत्येक वेळी लीडरची खुर्ची वेगळ्या माणसाला द्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्यालाही कळेल की निर्णय घेणाऱ्याला आपल्या एका ओळीची किती गरज असते. आणि सरावातून निघालेल्या गोष्टींपैकी दोनच निवडून पुढच्या सरावाच्या कागदावर सर्वांत वर लिहा, त्यापुढे बघणाऱ्याचं नाव घाला.